व्हीआर ट्रेनिंगमधला पेशंट खऱ्या माणसासारखा वागत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

इथे डॉक्टर पण आहेत आणि कोड लिहिणारे पण, म्हणून एकाच धाग्यात विचारतोय. आम्ही तिघं मिळून व्हीआरमधे (हेडसेट लावून दिसणारं आभासी जग) ट्रॉमा म्हणजे गंभीर जखमींवरच्या उपचारांचं ट्रेनिंग बनवतोय, युनिटीत (गेम बनवायचं सॉफ्टवेअर). हेडसेट लावला की समोर मांडीतून भळाभळा रक्त जाणारा पेशंट, मॉनिटर, सलाईन, सगळं आहे आणि दिसतंय पण झकास. घोळ आहे तो आतल्या शरीराचा.

पहिल्यांदा मी सरळ हिशोब लावला होता, ७० किलोचा माणूस, साधारण ५ लिटर रक्त, जितकं जाईल तितकं बीपी खाली. ओळखीच्या एका भूलतज्ज्ञ मॅडमना दाखवलं, त्यांनी दोन मिनिटांत हेडसेट काढला आणि म्हणाल्या, "अरे हा पेशंट नाहीये, गळकी टाकी आहे." त्यांचं म्हणणं, धडधाकट माणसाचं १५ ते ३०% रक्त गेलं तरी वरचं बीपी बऱ्यापैकी टिकून राहतं, आधी नाडी पळते, हातपाय गार पडतात, खालचं बीपी चढून दोन्ही आकडे जवळ येतात, आणि ३०% च्या पुढे गेलं की मग कोसळायला लागतं. शिकणाऱ्याने ते आधीचं ओळखायचं असतं, आणि माझ्या सिममधे ते आधीचं नव्हतंच!

मग बॅरोरिफ्लेक्स घातला, म्हणजे बीपी उतरलं की नाडी वाढव, रक्तवाहिन्या आवळ. तर आता बीपी झोपाळ्यासारखं वरखाली होतंय, कधी कधी ४० चा फरक. कंटाळून पल्स फिजिऑलॉजी इंजिन उतरवलं (शरीराचं तयार मॉडेल, बायोगिअर्स नावाच्या अशाच इंजिनातून निघालेलं, ओपन सोर्स आहे). त्याचे आकडे बरे येतात, पण ते २० मिलिसेकंदाच्या टप्प्याने चालतं आणि हेडसेटला ९० फ्रेम म्हणजे दर ११ मिलिसेकंदाला चित्र हवं, मी ते मेन थ्रेडवरच, म्हणजे चित्र काढण्याचं काम चालतं त्याच रांगेत, चालवलं तर चित्र अडखळतंय आणि टेस्ट करणाऱ्याला मळमळायला लागलं.

अजून एक. सेशन १० मिनिटांचं आहे, खरं शरीर इतक्या घाईत नसतं. घड्याळ तिप्पट वेगाने पळवलं तर नाडीही तिप्पट वाजते, फारच विनोदी प्रकार.

स्वतःचं छोटं मॉडेल नीट करू की तयार इंजिन घेऊ? कोणी हे केलंय का?

प्रतिसाद १ (टाके_घालणारा)
झोपाळ्याचं कारण बहुतेक हे की तू सगळे रिफ्लेक्स एकाच वेगाने चालवतोयस. व्हेगसमुळे (नाडी मंदावणारी नस) नाडी सेकंदाभरात बदलते, पण सिम्पथेटिकमुळे (शरीराला सावध करणाऱ्या नसा) वाहिन्या आवळायला बरेच सेकंद लागतात. दोघांना वेगवेगळा टाइम कॉन्स्टंट (परिणाम व्हायला लागणारा वेळ) दे आणि गेन (प्रतिसादाचा जोर) कमी कर. १० सेकंदांच्या आसपासची बारीक लाट खऱ्या माणसातही असते, मेयर वेव्ह म्हणतात, पण ती ४० ची नसते रे! आणि एक पेशंट बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारं औषध) घेणारा म्हातारा ठेव, त्याची नाडी पळणारच नाही. नाडी ९० च्या खाली म्हणजे ठीक आहे असं समजणारे सगळे तिथे बरोब्बर फसतात.

प्रतिसाद २ (सेमिकोलन)
इंजिन वेगळ्या थ्रेडवर टाक आणि सीनमधे फक्त शेवटचे दोन निकाल वाचून मधली किंमत काढ. बीपीला ९० फ्रेमची गरजच नाहीये, गरज आहे ती डोकं फिरवल्यावर चित्र लगेच फिरायची. घड्याळ पळवू नकोस, उडी मार. इंजिनची स्थिती सेव्ह करता येते, तर १५%, २५%, ३५% अशा तीन स्थिती आधीच चालवून ठेव आणि मधे पडदा काळा करून "२० मिनिटांनंतर" लिही. सुरुवातीला पेशंट स्थिर होण्यात जो वेळ जातो तोही वाचेल.

प्रतिसाद ३ (टाके_घालणारा)
फक्त औषध देताना किंवा श्वास बंद असताना उडी नको. फुप्फुसात आधी ऑक्सिजन भरून घेतला असेल तर साधारण अडीच लिटरचा साठा असतो, खर्च मिनिटाला २५० मिली, त्यामुळे सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) कितीतरी मिनिटं ढिम्म हलत नाही आणि मग धाडकन पडतं. ती वाट बघणं हाच तर धडा आहे. बोटावरचा प्रोब उशिरा दाखवतो, तो उशीरही घाल.

मूळ धागाकर्ता
दोघांचेही आभार! थ्रेड वेगळा केला, अडखळणं गेलं. टाइम कॉन्स्टंट वेगळे केल्यावर झोपाळा पण बराच शांत झालाय, अजून ६–७ चा फरक येतो. आता नवीन प्रश्न, हात गार पडलेत हे व्हीआरमधे दाखवायचं कसं? कंट्रोलर काय गार होत नाही. सध्या नख दाबलं की रंग परत यायला लागणारा वेळ वाढवलाय, दोन सेकंदांवरून चारवर. मॅडमना रविवारी परत दाखवतोय.