मदत हवी आहे : परसातला उतार कापावा की भरावा? (जमिनीवरचा पूल बसवायचा आहे)

नमस्कार मंडळी,

घरामागच्या परसात जमिनीवर ठेवायचा पूल घ्यायचं नक्की झालंय. खणून बांधलेला हौद नाही. लोखंडी पाइपांचा सांगाडा आणि त्यात जाड पीव्हीसीचा कापडी हौद, तसला. गोल आहे, व्यास साडेचार मीटर, पाणी साधारण एक मीटर. मुलांना पोहायला शिकवायचंय हे आहेच, पण मुख्य कारण आई. तिच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलंय. कमरेइतक्या पाण्यात शरीराचा जवळपास निम्मा भार पाणी उचलतं, त्यामुळे तिला न दुखता चालता येईल. म्हणून हे काम घाईगडबडीत उरकायचं नाही.

अडचण जागेची. मागच्या भिंतीकडून घराकडे उतार आहे. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांना खुंट्यांवर खुणा केल्या, तर साडेचार मीटरमध्ये २० सेंटिमीटरचा फरक निघाला. डोळ्यांना जमीन सपाटच वाटते!

गवंडी म्हणतात, खालच्या बाजूला मुरूम टाकून धुम्मस करू, वर वाळू पसरू, झालं काम. दीर म्हणतात, सरळ कोबा करून टाका. मी वाचलं त्यात सगळीकडे एकच सांगितलंय की वरची बाजू कापा, खालची भरू नका. पण का, ते कुणी नीट सांगत नाही. मुरूम व्यवस्थित ठोकून बसवला तरी चालत नाही का? कापायचं म्हणजे किती माती निघेल? परसात हरळी आहे आणि भिंतीच्या कडेला लव्हाळाही आहे, ते नुसतं कापून वर जाड कापड अंथरलं तर पुरेल का? माहितगारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद :

ताई, मातीकामातच आयुष्य गेलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी वजन बघा. साडेचार मीटर व्यास आणि एक मीटर पाणी म्हणजे सुमारे १६ हजार लिटर, म्हणजेच १६ टन. आकडा ऐकून घाबरायला होतं, पण दर चौरस मीटरला भार येतो एक टन. माणूस दोन पायांवर उभा राहतो तेव्हा तळपायाखाली याहून जास्त दाब असतो. त्यामुळे घट्ट, मूळची जमीन हा भार सहज घेते. फरक असा की माणसाच्या पायाचा दाब वरच्या थोड्याशा मातीतच विरतो आणि पूलचा दाब खूप खोलवर जातो, शिवाय महिनोन्‌महिने हलत नाही. भरावाची माती अशा भाराखाली हळूहळू दबत राहते. तुमच्याकडे तर भराव एका बाजूला २० सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूला शून्य असणार. म्हणजे खचणंही एकाच बाजूला, आणि तीही घराकडची.

आता एक बाजू खचली की काय होतं ते सांगतो. पाणी आपली पातळी सोडत नाही, हौद मात्र कलतो. भिंतीवरचा रेटा पाण्याच्या खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक मीटर खोलीला भिंतीच्या दर मीटर लांबीवर साधारण ५०० किलोचा रेटा असतो. तीच खोली एका बाजूला १.१५ मीटर झाली तर रेटा ६६० च्या घरात जातो. खोली १५ टक्के वाढली, रेटा ३२ टक्के. आणि हा रेटा उभ्या पाइपांना बाहेर ढकलतो. असे पूल फुटतात ते बहुतेक वेळा कापड फाटून नाही, सांगाडा एका बाजूला झुकून.

मुरूम ठोकून चालतो का? चालतो, पण १० सेंटिमीटरच्या थरांनी टाकून, प्रत्येक थर ओलसर करून, यंत्राने दाबून, आणि भराव पूलच्या कडेच्या बराच बाहेरपर्यंत नेऊन. हाताच्या धुम्मसाने एका दमात २० सेंटिमीटर दाबले जात नाहीत, वरचा थर तेवढा कडक होतो. इतकी खटपट करण्यापेक्षा कापणं सोपं.

माती किती? कडेला ३० सेंटिमीटर मोकळी जागा धरून वर्तुळ ५.१ मीटरचं घ्या. तेवढ्या लांबीत उतार होतो २३ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे सव्वादोन घनमीटर कापणी. खणलेली माती फुगते, तेव्हा तीन घनमीटर धरून चला. दोन माणसांचं काम आहे.

पद्धत अशी. मध्ये खुंटी ठोका, दोरीने वर्तुळ काढा, फक्की मारा. सगळ्यात खालची जागा ही तुमची पातळी, तिला हात लावायचा नाही. बाकी सगळं तिथपर्यंत उतरवायचं. मग मधल्या खुंटीवर एक खिळा ठोकून त्यात लांब सरळ फळीचं एक टोक अडकवा, फळीवर पाणसळ ठेवा आणि फळी गोल फिरवत न्या. जिथे फळी घासते ती जागा उंच, जिथे खालून उजेड दिसतो ती खोल. दुपारनंतर उन्हं तिरपी झाली की हे फार छान दिसतं. चुकून जास्त खणलं गेलं तर तिथे सुटी माती ओढून दाबू नका. बाकीचं तळच त्या पातळीला आणा. पूर्ण व्यासात अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका. मी तर एक सेंटिमीटरवर आल्याशिवाय सोडत नाही.

पाइपांचे पाय मातीवर ठेवू नका. प्रत्येक पायाखाली फरशीचा सपाट ठोकळा घ्या, आणि तो जमिनीत असा पुरा की त्याचा माथा जमिनीशी एका पातळीत येईल. सगळे ठोकळे एकमेकांशीही पाणसळीत हवेत.

प्रतिसाद :

वरच्या प्रतिसादात सगळं आलंय, फक्त लव्हाळ्याचं राहिलं. तो नुसता कापलात तर तुमचं काम फुकट जाईल. त्याच्या कोंबाचं टोक सुईसारखं असतं, ते पीव्हीसीच्या तळातून आरपार वर येतं. खाली गाठी राहिल्या की वर अंधार असला तरी तो फुटतोच. जाड कापडालाही जुमानत नाही. गाठी हाताने वेचून काढाव्या लागतात, आणि खणताना माती चाळली तर उत्तम. एकदा काढून थांबा, पाणी मारा, पुन्हा कोंब आले की पुन्हा काढा. हरळीही मुळासकट जायला हवी. दबलेलं गवत हौदाखाली कुजतं, वास येतो आणि कुजून जागा झाली की तिथे खड्डे पडतात.

धागाकर्ती :

दोघांचेही मनापासून आभार. खोली आणि रेट्याचं गणित कळल्यावर आता भरावाचा विचार सोडला.

पण एक नवी शंका. वरची बाजू कापली की भिंतीकडे २३ सेंटिमीटरची पायरी तयार होणार. पावसाचं पाणी त्या पायरीवरून थेट हौदाच्या बुडाशी नाही का येणार? आणि शौचाची टाकी परसाच्या डाव्या कोपऱ्यात आहे, तिच्यापासून किती लांब राहू?

प्रतिसाद :

शंका रास्त आहे. पायरीच्या वर, एक हात मागे, चर खणा आणि तो दोन्ही बाजूंनी वळवून पूलच्या पुढे खाली सोडा. घराच्या जोत्याकडे जाणार नाही असा काढा. पायरीची कड उभी ठेवू नका, तिरपी छाटा. आणि भिंत व हौद यांच्यात माणूस आरामात फिरेल एवढं अंतर असू द्या, सांगाड्याचा एखादा पाय वाकतोय का हे मागच्या बाजूलाच सगळ्यात उशिरा लक्षात येतं.

शौचाची टाकी, शोषखड्डा आणि त्यांना जोडणारा पाइप, यांतल्या कशावरूनही पूल जाता कामा नये. टाकीचं झाकण १६ टनांसाठी केलेलं नसतं. शोषखड्ड्याभोवतीची माती कायम ओलसर आणि मऊ असते. पाइप नेमका कुठून जातो ते खणण्याआधी शोधा. घरावरून येणारी विजेची तारही बघा, पूलच्या वर काहीच नको.

प्रतिसाद :

वाळूबद्दल माझं मत वेगळं आहे. ५ सेंटिमीटर वाळू मऊ लागते खरी, पण आत चालणाऱ्याच्या टाचांनी तिला खळगे पडतात, मुंग्या घर करतात आणि कडेने पाणी शिरलं की ती वाहून जाते. तुमच्या आई रोज चालणार, तेव्हा तळ एकसारखा टणक हवा. खळग्यात पाऊल वाकडं पडलं तर गुडघ्यालाच त्रास. मी दाबलेल्या जमिनीवर २५ मिलिमीटर जाडीचे टणक फोमचे तक्ते सांधे चिकटवून घातले, वर जिओटेक्स्टाइल (मातीकामात अंथरतात ते जाड कृत्रिम धाग्यांचं कापड) आणि मग हौद. वाळू घ्यायचीच असेल तर फक्त खाचखळगे बुजवण्यापुरती, चाळलेली. दगडाची कच थेट हौदाखाली नको, तिला धार असते. कोबा टिकाऊ असतो, पण नंतर जागा बदलता येत नाही आणि त्यावरही फोम लागतोच.

प्रतिसाद :

विजेचं आणि मुलांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते आहे. पंपाच्या लाइनला ३० मिलिअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी (वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारा स्विच) हवाच, आणि त्याचं चाचणीचं बटण अधूनमधून दाबून बघा. लांबवलेली वायर गवतातून नेऊ नका. सॉकेट काठापासून साडेतीन मीटर तरी लांब, उंचावर आणि झाकणाचं असू द्या.

मुलं लहान असतील तर पूलभोवती चारही बाजूंनी कुंपण आणि आपोआप बंद होणारं दार करा. वापर संपला की शिडी उचलून घरात. पंप हौदाला टेकवून ठेवू नका, मुलं त्यावर चढून आत उतरतात. मूल बुडताना ओरडत नाही हो, आवाज येत नाही. कुणीतरी मोठं माणूस फोन बाजूला ठेवून तिथेच बसलेलं हवं.

धागाकर्ती :

सगळ्यांचे आभार. दार आणि शिडीचं आजच यादीत लिहिलं. ठरलं ते असं : आधी लव्हाळा काढणार आणि पुन्हा फुटतो का ते बघणार, मग कापणी, ठोकळे, फोम. टाकी दुसऱ्या टोकाला आहे, तिचा पाइप मात्र शोधायचाय.

एकच विचारते. भरताना पातळी चुकल्याचं लवकर कसं ओळखायचं? सगळं भरल्यावर कळलं तर काय उपयोग?

प्रतिसाद :

दोनतीन सेंटिमीटर पाणी आलं की नळ बंद करा. पाणी सगळीकडे सारखं पसरलंय का बघा आणि तळाच्या सुरकुत्या अनवाणी पायांनी बाहेरच्या बाजूला सारत जा. मग ३० सेंटिमीटरवर पुन्हा थांबा आणि पाण्यापासून वरच्या पाइपापर्यंतचं अंतर सांगाड्याच्या प्रत्येक पायाशी मोजा. अडीच सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर पाणी सोडून द्या आणि तळ पुन्हा करा, तेवढं पाणी सोडणं परवडतं. रात्रभर तसंच ठेवून सकाळी परत मोजा, आकडे तेच असतील तरच पुढे भरा.