जुन्या एमएम ५४० ला १२० अश्वशक्तीचे इंजिन बसवल्यास मागचा एक्सल तग धरेल का?

यावलचा केळीवाला

नमस्कार मंडळी. माझ्याकडे वडिलांच्या वेळची एमएम ५४० जीप आहे. तिचे मूळचे प्यूजो डिझेल इंजिन (२११२ सीसी, ६२ अश्वशक्ती) दोनदा बोअर करून झाले आहे. आता ते ऑइल पिते आणि पालच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्येही दम टाकते. अपघातात मोडलेल्या एका स्कॉर्पिओचे २.२ लिटरचे एमहॉक इंजिन गिअरबॉक्ससह मिळत असून मी त्याचा विसार देऊन ठेवला आहे. १२० अश्वशक्ती आणि २९० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे जुन्याच्या जवळजवळ दुप्पट ताकद आणि दुपटीहून अधिक टॉर्क.

माउंटिंग आणि वायरिंग होऊन जाईल असे मिस्त्री सांगतो, पण मागच्या एक्सलचे विचारले की नुसते "पाहू" म्हणतो. म्हणून हौसिंगचे झाकण उघडून मी स्वतः दात मोजले : क्राऊनला (एक्सलमधले मोठे दातचक्र) ४३, पिनियनला (त्याला फिरवणारे लहान दातचक्र) ८. शाफ्टचे बाहेरचे टोक टेपर (निमुळते) आहे, हब (चाक ज्यावर बसते तो भाग) त्यावर चावीने बसतो आणि डाव्या बाजूची चावीची खाच थोडी पसरलेली दिसते. जीपचा वापर शेतात ठिबकच्या नळ्या आणि खताच्या गोण्या वाहण्यासाठी, आठवड्यातून एकदा जळगावला आणि वर्षातून तीन-चार वेळा कन्नड घाटाने संभाजीनगरला जाण्यासाठी होतो. हा एक्सल टिकेल, की इंजिनाआधीच बोलेरो किंवा स्कॉर्पिओचा एक्सल घालावा?

धुळ्याचा गॅरेजवाला

टिकणार नाही, असे मी अनुभवावरून सांगतो. अशाच एका जीपला मी स्वतः मोठे इंजिन बसवून दिले होते आणि एक्सलला हात लावला नव्हता, ही माझी चूक. आठ महिने काही झाले नाही. नंतर एका पावसाळ्यात मागचे चाक काळ्या मातीत रुतले, मालकाने इंजिन चढवून क्लच एकदम सोडला आणि पिनियनचे तीन दात गेले. ऑइल काढले तेव्हा एक दात ड्रेन प्लगलाच अडकून आला. एक्सल बदला.

यंत्रशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, जळगाव

प्रश्न अश्वशक्तीचा नसून एक्सलपर्यंत प्रत्यक्षात किती टॉर्क पोहोचू शकतो याचा आहे, आणि त्याला एक मर्यादा टायर घालून देतो. जुन्या इंजिनाचा टॉर्क साधारण १२० न्यूटन मीटर धरा. पहिला गिअर ढोबळमानाने ४ पट आणि तुमचे क्राऊन-पिनियन ४३ भागिले ८, म्हणजे ५.३८ पट (यालाच रेशो म्हणतात). गुणाकार सुमारे २,६०० येतो. नव्या इंजिनाचा हाच गुणाकार सुमारे ६,२०० आहे. आकडा पाहून घाबरायला होते, पण तो कागदावरचा आहे. मागच्या दोन चाकांवर मिळून १,००० किलो वजन असेल, कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.८ आणि चाकाची त्रिज्या ३५ सेंटिमीटर धरली, तर सुमारे २,७५० न्यूटन मीटरला टायर घसरू लागतो. त्यापुढचा टॉर्क सावकाश लावला तर चाक जागच्या जागी फिरते, एक्सलवर तो येतच नाही. म्हणजे जुने इंजिनही पहिल्या गिअरमध्ये या मर्यादेच्या अगदी जवळ पोहोचत होते आणि एक्सल इतकी वर्षे ते सोसत आला आहे.

फरक वरच्या गिअरमध्ये पडतो. तिसरा गिअर दीडपट धरला, तर पूर्वी मागच्या चाकांना जास्तीत जास्त ९७० न्यूटन मीटर मिळत होते, आता २,३४० मिळतील. पूर्वी जो ताण रोज गाडी उठवताना क्षणभर येत असे, तो आता पाय दाबून धरला तर मिनिटेच्या मिनिटे येऊ शकतो, आणि दातांचा थकवा ताणाच्या मानाने फार वेगाने वाढतो. मात्र हेही लक्षात घ्या की घाट चढायला लागणारे बळ गाडीचे वजन आणि चढ यांवर ठरते, इंजिनावर नाही. २,००० किलोच्या भरलेल्या जीपला १२ स १ चढावर (बारा मीटरला एक मीटर) स्थिर वेगाने जाण्यासाठी मागच्या चाकांवर जेमतेम ५७० न्यूटन मीटर लागतात. जुन्याच वेगाने कन्नड घाट चढलात, तर कोणते इंजिन बसवले आहे हे एक्सलला कळणारही नाही.

एक्सल मोडतो तो झटक्याने. चिखलात गरगर फिरणारे चाक अचानक दगडावर पकड घेते, तेव्हा फ्लायव्हीलमध्ये साठलेली सगळी ऊर्जा एका क्षणात शाफ्टवर येते आणि वरचा घर्षणाचा हिशेब तिथे लागू पडत नाही. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) मऊ असतील तर जोर लावताना ते एस आकारात पिळतात, पिनियनचे नाक वर उचलले जाते, चाक उड्या मारू लागते आणि प्रत्येक उडी म्हणजे एक झटका. मोठे टायर घालण्याचा मोहही टाळा : त्रिज्या ३५ वरून ४० सेंटिमीटर झाली की शाफ्टवर येऊ शकणारा टॉर्क सातव्या हिश्श्याने वाढतो. शिवाय ८ दातांचा पिनियन जात्याच लहान असतो. त्याच हौसिंगमध्ये कमी रेशोचा संच घातला तर पिनियन मोठा येतो, दात भक्कम मिळतात आणि नव्या इंजिनाला रेशो शोभूनही दिसतो, कारण ५.३८ वर डायरेक्ट गिअरमध्ये (गिअरबॉक्स वेग बदलत नाही तो गिअर) इंजिनाच्या मिनिटाला ३,००० फेऱ्यांना गाडी ताशी सुमारे ७५ किलोमीटरच्याच वेगाने धावते.

भुसावळ लेथ

सरांचा हिशेब बरोबर आहे, पण तुमचा नाजूक दुवा दातांत नसून शाफ्टच्या टेपरमध्ये आहे. टेपरवरची पकडच टॉर्क वाहते, चावी फक्त आधाराला असते. नट सैल राहिला की सगळा भार चावीवर येतो आणि खाच पसरते, जशी तुमच्या डावीकडे पसरली आहे. टेपर पुसून अगदी कोरडा करा, ग्रीसचा थेंबही नको. नट पूर्ण आवळल्यावर स्प्लिट पिनचे भोक जुळले नाही तर नट मागे सैल करायचा नाही, पुढेच आवळून जुळवायचा. पसरलेल्या खाचेत वेल्डिंग भरून जाडी चावी बसवून देणारे भेटतील. तसे करू नका, शाफ्ट आणि हब दोन्ही बदला.

आत्ताचा शाफ्ट थकला आहे का हे घरीच पाहता येते. तो बाहेर काढा आणि आतल्या टोकाच्या स्प्लाइनवर (लांबीच्या दिशेने कोरलेल्या दातांवर) खडूने लांबीच्या दिशेने सरळ रेघ ओढा. स्प्लाइनचे दात रेघेशी समांतर न राहता तिरपे धावत असतील, तर पोलाद पिळून बसले आहे. नवा शाफ्ट एन २४ नावाच्या मिश्रपोलादाच्या सळईतून लेथवर काढून घेणार असाल तर हीट ट्रीटमेंटचे विचारा. नुसता खरादून बसवलेला मऊ शाफ्ट मोडत नाही, पण पहिल्याच पावसाळ्यात पिळतो. पिळाची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते, त्यामुळे ३० ऐवजी ३३ मिलिमीटरचा शाफ्ट सुमारे एक तृतीयांशाने बलवान ठरतो. आणि चिखलासाठी डिफरन्शिअल (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग) वेल्ड करून घेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका : आज दोन्ही शाफ्ट टॉर्क निम्मा निम्मा वाटून घेतात, वेल्ड केल्यावर एक चाक हवेत असेल तेव्हा सगळा टॉर्क एकट्यावर येतो.

अमेरिकेतल्या जीपवाल्यांनीही हाच हिशेब केला आहे. रँग्लरचा डाना ३५ एक्सल, क्राऊन सुमारे ७.६ इंचांचा आणि शाफ्टला २७ स्प्लाइन, मोठ्या टायरांवर कमी पडतो म्हणून ते फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंचांचा, ३१ स्प्लाइनचा एक्सल खाली घालतात.

धुळ्याचा गॅरेजवाला

सर, आपले गणित मान्य. पण त्यात जीप मालकाच्याच पायाखाली असते. लग्नसराईत ती भाच्याच्या हाती जाते, त्याचा घर्षणांक कोणता धरायचा? शिवाय हा शाफ्ट सेमी फ्लोटिंग आहे, टॉर्कबरोबर गाडीचे वजनही तोच पेलतो, त्यामुळे बाहेरच्या टोकाला मोडला तर चाक ड्रमसकट निघून जाते. घाटात ते कसे दिसेल याचा विचार करा.

केळीवाले भाऊ, तीन गोष्टी तपासून घ्या. ही फोर बाय फोर आहे, त्यामुळे मागे वेगळ्या रेशोचा संच किंवा एक्सल घातला तर पुढेही तोच रेशो घालावा लागेल, नाहीतर फोर व्हीलमध्ये घेतल्याबरोबर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटून देणारी पेटी) आखडेल. मिळणारा गिअरबॉक्स टू व्हील स्कॉर्पिओचा असेल तर ट्रान्सफर केस कुठे बसवणार, हेही आत्ताच विचारा. आणि एमएच १९ च्या नोंदणी पुस्तकात जुने इंजिन नोंदलेले आहे. गाडीतल्या फेरफारांविषयीचे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि त्याच विषयावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल पाहता, आरटीओची मंजुरी काम सुरू करण्याआधी घ्या. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

यावलचा केळीवाला

सर्वांचे आभार. काल दोन्ही शाफ्ट बाहेर काढले आणि खडूची रेघ ओढून पाहिली. उजव्या बाजूची स्प्लाइन सरळ आहे. डाव्या बाजूची जवळजवळ अर्ध्या दाताने तिरपी गेली आहे, म्हणजे ६२ अश्वशक्तीनेच तिला पिळून ठेवले होते. गिअरबॉक्सही टू व्हीलचाच निघाला. बोलेरोच्या एका एक्सलचे माप घेण्यासाठी रविवारी भुसावळला येतो, लेथवाल्या भाऊंनी वेळ कळवावी. इंजिनाचा विसार परत मागितलेला नाही, दोन महिन्यांची मुदत तेवढी वाढवून घेतली आहे.