खाऱ्या पाण्यातला जंकस: बी रुजेना, ठोंबही वाळले. कुठे चुकतंय?

खाजणकाठ:
नमस्कार. आमच्या जमिनीची एक बाजू खाडीला लागून आहे. उधाणाच्या भरतीला पाणी बांधाच्या पायथ्यापर्यंत चढतं आणि उतरताना दर वेळी थोडी माती घेऊन जातं. बांधाखालच्या पट्ट्यात गवत लावून पाहिलं, मिठाने जळून गेलं. मग एका परिचितांनी त्यांच्याकडे लावलेल्या जंकसचा (गवतासारखं दिसणारं, गोल पातींचं झाड) एक मोठा ठोंब आणि वाळलेल्या तुऱ्यांची पिशवी दिली. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हा जंकस मॅरिटिमस, समुद्रकाठी दलदलीत वाढणारा. मला याची साधारण दोनशे रोपं करायची आहेत.

आतापर्यंत केलं ते सांगते. तुरे चोळून निघालेलं बी ट्रेमध्ये पेरलं आणि वर बोटाच्या पेराएवढी माती पसरली. समुद्राकाठचं झाड म्हणून पाणीही खाडीचंच घातलं, रोज. पाच आठवडे झाले, एक कोंब नाही. ठोंबाचे सुटे सुटे करून नऊ तुकडे केले, प्रत्येकात एक किंवा दोन पाती. पाती लांब होती म्हणून चार बोटं ठेवून छाटली आणि कुंड्या पाण्याने भरलेल्या टबमध्ये ठेवल्या. त्यातले सात तपकिरी पडले. उपटून पाहिलं तर मुळं काळी आणि कुजक्या अंड्यांसारखा वास.

थोडं बी अजून शिल्लक आहे. ते वाया घालवायचं नाही. कुणी हे झाड स्वतः वाढवलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

गाळपोयटा:
ताई, खाजणकाठची (भरतीचं खारं पाणी शिरतं त्या दलदलीच्या जमिनीतली) रोपं वाढवण्याचं काम मी चौदा वर्षं करतोय आणि त्यात जंकस दर वर्षी असतो. तुमच्या सगळ्या अडचणींचं मूळ एकाच समजात आहे, तो आधी दूर करू. जंकसला मीठ लागत नाही. तो मीठ सोसतो. गोड पाण्यात तो खाऱ्यापेक्षा जोमाने वाढतो. मग खाजणात का दिसतो? कारण गोड्या जमिनीत दुसरी गवतं त्याला दाबून टाकतात आणि खाऱ्या जमिनीत त्या गवतांचा टिकाव लागत नाही. तिथे त्याला मोकळी जागा मिळते.

मोठं झाड सोसतं तेवढं मीठ बी सोसत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. एवढ्या पाण्यात जंकसचं बी रुजत नाही, पण लगेच मरतही नाही, गप्प पडून राहतं. निसर्गात पावसाने वरचा थर धुतला गेला की ते जागं होतं. सुरुवातीच्या काळात मीही तुमच्यासारखंच केलं होतं. खाडीच्या पाण्यावर ठेवलेल्या सहा ट्रेंमध्ये महिनाभर काही हललं नाही. टाकून देण्याआधी त्यातला एक ट्रे पावसाच्या पाण्याने तीन-चार वेळा धुऊन बाजूला ठेवला, आणि सोळाव्या दिवशी त्यावर हिरवी लव दिसली. तेव्हा तुमचा जुना ट्रे फेकू नका. वरची माती हलक्या हाताने खरवडून काढा, गोड पाणी भरपूर ओता, निथळू द्या, पुन्हा ओता.

दुसरी गोष्ट उजेडाची. या बियांना रुजायला उजेड लागतो. दाणा मिलिमीटरभरही नसतो, पेराएवढ्या मातीतून वर यायला त्याच्यात साठा कुठला? उरलेलं बी कोरड्या बारीक वाळूत मिसळा, म्हणजे एका जागी ढीग पडत नाही, आणि ओल्या, सपाट केलेल्या मातीवर नुसतं भुरभुरा. वर काहीही पसरू नका, तळहाताने फक्त दाबा. मी अर्धं कोकोपीट आणि अर्धी बारीक वाळू घेतो. वरून झारीने पाणी घातलंत तर बी वाहून कोपऱ्यात गोळा होईल, म्हणून ट्रे उथळ पाण्यात ठेवा आणि खालून ओल चढू द्या. वर पारदर्शक झाकण, जागा उजेडाची पण कडक उन्हाची नाही. ऊब असेल तर दोन-तीन आठवड्यांत कळतं.

कोंब ओळखायला भिंग घ्या. पहिलं पान केसाइतकं बारीक असतं आणि त्याच्या टोकाला बियाचं तपकिरी टरफल मण्यासारखं अडकलेलं असतं. मला अजूनही ते पाहायला फार आवडतं. नुसत्या डोळ्यांना ते शेवाळ वाटतं आणि बरेच जण तिथेच ट्रे रिकामा करतात.

आता ठोंबांचं. एका पातीचा तुकडा जगणं कठीण. पाती म्हणजे झाड नव्हे, झाड म्हणजे जमिनीखालचं आडवं खोड. तुकड्यात त्या खोडाचा वाढतं टोक असलेला भाग, पाच-सहा तरी पाती आणि मूठभर मुळं हवीत. ओढून फाडू नका, धारदार सुरीने कापा. नवे पांढरे कोंब दिसायला लागतात तो काळ कापणीला चांगला.

छाटणी केलीत ते चूक नाही. चूक झाली ती छाटलेली टोकं पाण्याखाली गेली तिथे. एक पात उभी चिरून पाहा, आत पांढरा, स्पंजासारखा गर दिसेल. हवा त्यातूनच खाली मुळांपर्यंत जाते. चिखलात हवा नसते, मुळं वरून येणाऱ्या हवेवर जगतात. पाती चार बोटं ठेवलीत आणि त्यांच्या वर पाणी चढलं, म्हणजे श्वासनळीच बंद झाली. छाटायचं तर एक तृतीयांश छाटा आणि कापलेली टोकं कायम पाण्याच्या वर ठेवा. नव्या ठोंबांना तर उभं पाणी नकोच. बशीत दोन बोटं पाणी पुरे, तेही मधूनमधून आटू द्यायचं.

तो कुजक्या अंड्यांचा वासही याचाच भाग. खाडीच्या पाण्यात सल्फेट असतं. हवा नसलेल्या गाळात जिवाणू त्याचं हायड्रोजन सल्फाइड करतात आणि ते मुळांना मारतं. जगलेल्या दोन तुकड्यांची मुळं अलगद पाहा. त्यांवर गंजासारखा नारिंगी लेप असेल तर काळजी नाही. मुळांतून झिरपणाऱ्या हवेने गाळातलं लोखंड गंजतं, त्याचा तो रंग. काळ्या चिखलात नारिंगी मुळं दिसली की झाड श्वास घेतंय असं समजायचं.

टोकदार:
वरचं सगळं पटलं. माझी एकच कळकळीची विनंती: दोनशे रोपं करण्याआधी झाड ओळखून घ्या. मॅरिटिमस म्हणून दिलेलं झाड जंकस अ‍ॅक्युटस असू शकतं. दोन्ही समुद्रकाठचे, दोघांची पाती गोल. अ‍ॅक्युटस गच्च, अर्धगोल झुबक्यात वाढतो, पाती ताठ आणि टोकं सुईसारखी. त्याचं बोंड फुगीर असतं आणि पाकळ्यांच्या बाहेर ठळक डोकावतं. मॅरिटिमस आडव्या खोडाने पसरत जातो आणि बोंड अरुंद, पाकळ्यांच्या जेमतेम उंचीचं असतं. ऑस्ट्रेलियात बाहेरून आलेल्या अ‍ॅक्युटसने खाजणांमध्ये जंकस क्राउसी या तिथल्या स्थानिक जातीची जागा बळकावली आहे आणि तिथे तो तण म्हणून उपटतात. तुमच्या काठावर आधीपासून नसलेली जात खाडीला लावाल तर तिचं बी भरतीबरोबर कुठवर जाईल यावर तुमचा ताबा राहणार नाही. स्थानिक जात कोणती हे जवळच्या वनस्पतिशास्त्राच्या विभागात बोंडासकट तुरा दाखवून विचारा. पण खाजणातून उपटून आणू नका, तिथली माती त्याच मुळांवर उभी असते.

आणि लव्हाळा-नागरमोथ्याशी गोंधळ नको. पात दोन बोटांत धरून फिरवा. नागरमोथ्याच्या दांड्याला तीन कडा लागतात, जंकस गोल फिरतो.

वाकून काम करताना चष्मा लावा, जात कोणतीही असली तरी. गवत समजून माणूस बेसावध वाकतो आणि टोक नेमकं डोळ्याच्या उंचीला असतं. माझ्या पापणीला लागलं आहे, बुबुळ थोडक्यात वाचलं.

खाजणकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. तुरा दाखवून आले. बोंड अरुंद आहे, मॅरिटिमसच निघाला, आणि आमच्या काठाला तो परका नाही. जुना ट्रे धुतला, उरलेलं बी वाळूत मिसळून नव्या ट्रेवर भुरभुरलं. जगलेल्या एका तुकड्याच्या मुळांवर खरंच नारिंगी लेप आहे! दादा, रोपं गोड पाण्यात वाढवली तर खाडीकाठी लावल्यावर एकदम मीठ कसं सोसतील? आणि पट्ट्यात नेमकी कुठे लावू?

गाळपोयटा:
एकदम नाहीच सोसणार, सवय लावावी लागते. रोप वीतभर उंच झालं आणि बुडाशी दुसरे फुटवे आले की मगच मिठाला हात घाला. मी लिटरला ५ ग्रॅमपासून सुरू करतो आणि दर आठवड्याला तेवढंच वाढवतो. जागेवर जेवढा खारटपणा असतो तिथवर आणून दोन आठवडे थांबतो. पातीची टोकं पिवळी पडली तर एक पायरी मागे. यासाठी स्वयंपाकाचं मीठ वापरू नका, खाडीचं पाणी गोड्या पाण्यात मिसळून घ्या. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही असतं, नुसतं सोडियम मुळांना जास्त जाचतं.

इथे एक चूक हमखास होते. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. बशीतलं पाणी आटलं म्हणून पुन्हा खारं पाणी घालत राहिलात तर आठवड्याभरात खारटपणा दुपटीवर जातो आणि मातीवर पांढरा पापुद्रा धरतो. आटलेलं पाणी नेहमी गोड्या पाण्याने भरा. तिवरासारख्या काही खारफुटींच्या पानांवर मिठाचे कण दिसतात तसे इथे दिसणार नाहीत. जंकसच्या पातीवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी नसतात, तो बरंचसं मीठ मुळाशीच अडवतो. म्हणजे मुळाभोवती किती साचलंय यावरच त्याचं सगळं अवलंबून.

जागेचं म्हणाल तर रोज दोनदा बुडणाऱ्या चिखलात लावू नका. त्याची जागा वरची, जिथे फक्त उधाणाचं पाणी पोचतं. भरतीने आणलेला काडीकचरा जिथे रेघ धरतो ती रेघ पाहा. त्या रेघेपासून थोडं खाली हा पट्टा सुरू होतो. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण ओसरलं की लगेच लावा. मधल्या भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवसांत पाणी वर येत नाही, तेवढ्या आठ-दहा दिवसांत मुळं माती धरतात. पावसाळा असेल तर उत्तमच, वरचा थर धुतलेला असतो. दोन रोपांत हातभरापेक्षा थोडं कमी अंतर ठेवा, आणि ठोंबाचा गळा जमिनीच्या बरोबरीला, खोल गाडू नका.

एक मात्र स्पष्ट सांगतो. लाटा थेट आपटत असतील तर नुसती रोपं माती धरणार नाहीत, रोपंच जातील. पहिली दोन वर्षं पुढे काथ्याचे जाड रोल खुंट्यांनी ठोकून बसवा. काथ्या कुजेपर्यंत आडवी खोडं एकमेकांत गुंतलेली असतात.

खाजणकाठ (१९ दिवसांनी):
धुतलेल्या जुन्या ट्रेमध्ये आज सकाळी भिंगातून पाहिलं. मोजून त्रेचाळीस कोंब, आणि बहुतेकांच्या टोकाला तो तपकिरी मणी आहे. नव्या ट्रेमध्ये इतके आहेत की मोजता येत नाहीत. झाकण कधी काढू?

गाळपोयटा:
वा, ताई! आधी दिवसातून तासभर उघडा, मग रोज थोडं वाढवत आठवड्याभरात पूर्ण काढा. ट्रेखालचं पाणी मात्र एक दिवसही आटू देऊ नका, या वयात मुळं अजून मातीच्या वरच्या थरातच आहेत. दाट उगवलेत ते एकेक सुटे करत बसू नका. बोटाच्या पेराएवढे झाले की पाच-सहा कोंबांची चिमूट मातीसकट उचलून एकेका कुंडीत लावा. एकत्र वाढले की ठोंब लवकर तयार होतो.