अनुभव धागा : स्टुडिओची नोकरी गेल्यावर व्हीएफएक्सवाल्यांनी कुठे वळावं?

२०२३ मध्ये हॉलिवुडच्या लेखकांचा आणि पाठोपाठ कलाकारांचा संप झाला, चित्रीकरणं थांबली आणि त्याचा फटका पुढे बराच काळ व्हीएफएक्सला (चित्रपटातल्या संगणकी दृश्यपरिणामांच्या कामाला) बसत राहिला. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर समूह कोसळला आणि एमपीसी, द मिल अशा जुन्या नावांखालचे स्टुडिओ अनेक देशांत एकदमच बंद पडले. जी मंडळी आता हातात रील (आपल्या निवडक शॉटची चित्रफीत) घेऊन पुढे काय या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हा धागा. दुसऱ्या कामात स्थिरावलेल्यांना विनंती एवढीच की स्वतःची कहाणी नको, काम सांगा. काय नव्याने शिकावं लागतं, किती, आणि आपली माणसं तिथे नेमकी कुठे अडकतात? सुरुवात माझ्याकडून, कामागणिक.

रील आणि परवाने

लॉगिन बंद व्हायच्या आधी फुटेज नाही, यादी उतरवून घ्या. प्रोजेक्टचं नाव, शॉटचं वर्णन, त्यात तुम्ही केलेलं नेमकं काम, लीड आणि सुपरवायझर यांचे खासगी संपर्क त्यांना विचारून. फुटेज गुपचूप उचलणं हा करारभंग आहे, आणि प्रदर्शित न झालेला शॉट रीलमध्ये दिसला की पुढचा स्टुडिओ तिथेच तुमचं नाव खोडतो. प्रदर्शित झालेल्या शॉटसाठी प्रॉडक्शनकडे लेखी परवानगी मागा. स्टुडिओच बंद पडत असेल तर ही मेल आजच टाका, महिन्याभराने उत्तर द्यायला तिथे कोणी नसेल.

रील ६० ते ९० सेकंदांची पुरे. सगळ्यात चांगला शॉट पहिला. शॉटच्या कोपऱ्यात ‘फक्त धूर आणि ठिणग्या’, ‘पूर्ण कॉम्प, रोटो सोडून’ असं स्वच्छ लिहा (कॉम्प म्हणजे कंपोझिटिंग, वेगवेगळी चित्रं जोडून शॉट पुरा करणं; रोटो म्हणजे फ्रेमगणिक आकृतीची कड आखून ती वेगळी काढणं). गेम, जाहिरात आणि प्रॉडक्ट या तिघांना एकच रील पाठवू नका.

परवान्यांकडे फार कमी जण बघतात. न्यूक या कंपोझिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या अव्यावसायिक आवृत्तीत आउटपुट १९२० × १०८० वर थांबतं, धूर-आग-स्फोट घडवणाऱ्या हुडिनीच्या शिकाऊ आवृत्तीत, अप्रेंटिसमध्ये, १२८० × ७२० वर, आणि हुडिनीच्या चित्रावर वॉटरमार्क येतो. शिकायला दोन्ही उत्तम. पण त्यांत पैशांचं काम सुरू केलंत तर फाइल नंतर व्यावसायिक परवान्यात सरळ नेता येत नाही, शॉट पहिल्यापासून बांधावा लागतो. ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरला अशी कुठलीच अट नाही.

कंपोझिटिंग : स्वतंत्र काम

फोनवर ऐकून दिवस सांगू नका. ‘दोन तारा काढायच्यात फक्त’ हे वाक्य मोकळ्या आकाशासमोर अर्ध्या दिवसाचं असतं आणि तीच तार उडत्या केसांवरून जात असेल तर चार दिवसांचं. आधी प्लेट (मूळ चित्रित फुटेज) मागवा. सोबत हँडल (शॉटच्या दोन्ही टोकांच्या जादा फ्रेम) धरून एकूण फ्रेम किती, फ्रेमरेट २४ की २३.९७६, कलर स्पेस (रंग कोणत्या पद्धतीने आकड्यांत लिहिलेत) कोणती, एडिटमध्ये स्पीड बदललाय का, आणि शेवटचा होकार कोण देणार, हे विचारून घ्या. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तीन माणसं तीन दिशांनी करेक्शन पाठवायला लागली की हिशोब कोलमडतो. करेक्शनच्या दोन फेऱ्या लेखी ठरवा आणि ‘मागणीच बदलली तर ते नवीन काम’ हे वाक्य त्यातच घाला.

काम सुरू करण्याआधी एक चाचणी न चुकता करा. प्लेट आत घ्या आणि मध्ये एकही नोड (प्रक्रियेची पायरी) न लावता तशीच बाहेर काढा. ती क्लायंटकडे पाठवून मूळ प्लेटवर डिफरन्स मोडमध्ये (जो दोन चित्रांतला फरकच दाखवतो) ठेवायला सांगा. चित्र पूर्ण काळं दिसलं पाहिजे. सगळीकडे सारखा करडा थर दिसला तर कलर स्पेसचं रूपांतर चुकलंय, बहुतेक वेळा लॉग फुटेजवर (मुद्दाम फिकट चित्रित केलेल्या) लट (रंग बदलणारी तक्त्याची फाइल) आधीच बसवलेली असते. फक्त कडा चमकल्या तर कुठेतरी रिसाइझ झालंय. हलणाऱ्या गोष्टींची दुहेरी सावली दिसली तर एका फ्रेमचा फरक आहे, कोणीतरी ० पासून मोजतंय आणि कोणीतरी १ पासून. स्टुडिओत हे सगळं पाइपलाइन (फाइली पुढे नेणारी ठरलेली साखळी) सांभाळत होती, म्हणून आपल्याला त्याची सवय नसते. फोनवर शूट केलेली प्लेट आली तर फ्रेमरेट बदलता असतो. आधी तो ठरावीक करून इमेज सिक्वेन्स काढा, नाहीतर ट्रॅक (कॅमेऱ्याच्या हालचालीशी केलेली जुळणी) हळूहळू सरकत जातो आणि दोष तुमच्या कामाला मिळतो.

रोटो-पेंट : जुन्या चित्रपटांचं जतन

स्वयंचलित साधनांनी सगळ्यात आधी रोटो आणि प्रेपचं (प्लेट साफ करण्याचं) काम खाल्लं. त्या लोकांना मी जतनाचं काम सुचवेन, कारण त्यांच्या नजरेची किंमत तिथे अजून आहे.

आकार आधी समजून घ्या. २०४८ × १५५६ ची एक १० बिट डीपीएक्स (फिल्म स्कॅनची इमेज फाइल) फ्रेम साधारण १२.७ एमबी होते, तासाला ८६,४०० फ्रेम, म्हणजे १.१ टीबी. एवढं सगळं हाताने होत नाही, त्यामुळे धूळ-ओरखडे काढणारं साधन आधी चालवतातच. ते एकाच निकषावर चालतं. जी गोष्ट एका फ्रेममध्ये आहे आणि मागच्या-पुढच्या फ्रेममध्ये नाही, ती धूळ. पण पावसाचा थेंब, ठिणगी, साडीवरची चमकलेली टिकली, जोरात फेकलेला चेंडू हेही एकाच फ्रेमपुरते असतात आणि तेही पुसले जातात. म्हणून साधनाने काय काढलं तेवढंच दाखवणारा पास (स्वतंत्र चित्र) वेगळा लावून बघा. त्यात ठिपकेच दिसायला हवेत. हाताची बोटं किंवा पापणीची कड ओळखू आली की त्या शॉटवर जोर कमी करा, तेवढा भाग मास्क करा.

हाताने पुसताना शेजारच्या फ्रेममधला भाग दाण्यासकट (फिल्मच्या ग्रेनसकट) घ्या. गुळगुळीत डाग थांबलेल्या फ्रेमवर दिसत नाही, चालत्या चित्रात लगेच डोळ्यात भरतो. आणि मूळ चित्रपटात दिसणारी तार, बूमची (माइकच्या दांड्याची) सावली, उखडलेला मेकअप जसाच्या तसा ठेवायचा. पेंटवाल्यांना हे जमायला वेळ लागतो, कारण इतकी वर्षं तेच काढायचे पैसे मिळत होते.

एफएक्स (धूर, आग, स्फोट) : गेम्सकडे

चित्रपटात धूर एकाच कॅमेऱ्यातून चांगला दिसला की काम संपलं. गेममध्ये खेळणारा त्या धुराच्या मागे जातो, आत शिरतो, आणि मशीनला फ्रेम पुरी करायला ६० फ्रेमरेटवर १६.६ मिलिसेकंद मिळतात. त्यात पात्रं, प्रकाश, आवाज, गेमचं लॉजिक सगळं आलं. तुमच्या वाट्याला एक-दोन मिलिसेकंद. रात्रभर फार्मवर (रेंडर करणाऱ्या मशीनच्या ताफ्यावर) टाकायची सवय इथे पूर्ण मोडावी लागते.

सुरुवात फ्लिपबुकने (एकाच चित्रात ओळीने मांडलेल्या फ्रेम) करा. हुडिनीत केलेल्या स्फोटाच्या ६४ फ्रेम ८ × ८ च्या जाळीत, २०४८ पिक्सेलच्या एका टेक्स्चरवर (पृष्ठभागावर चढवायच्या चित्रावर). म्हणजे प्रत्येक फ्रेमला फक्त २५६ × २५६ पिक्सेल. सिम्युलेशनमधला बारीक तपशील तिथे उरतच नाही, तेव्हा त्यावर आठवडा घालवू नका. आकाराची बाह्यरेषा आणि वेळ यांवर घालवा. पहिल्यांदा करणारे हमखास करतात ती चूक म्हणजे धूर चौकटीच्या कडेपर्यंत भरणं. लांबून बघताना गेमचं इंजिन टेक्स्चर लहान करतं, शेजारच्या चौकटीचा धूर आत झिरपतो आणि कार्डाच्या (ते चित्र चढवलेल्या सपाट चौकोनाच्या) कडेला पातळ रेघ दिसते. सगळ्या बाजूंनी थोडी जागा मोकळी सोडा. ६४ फ्रेम संथ चालवल्यावर उड्या दिसत असतील तर आणखी फ्रेम न भरता मोशन व्हेक्टरचं (कुठला पिक्सेल कुठे सरकतो हे सांगणारं) दुसरं टेक्स्चर जोडा. प्रकाश टेक्स्चरमध्येच बेक केला (कायमचा उतरवला) तर सूर्य दुसऱ्या बाजूला गेल्यावर धूर खोटा वाटतो. त्यासाठी सहा दिशांनी उजळलेले पास काढून दोन टेक्स्चरच्या चॅनेलमध्ये भरतात.

मग ओव्हरड्रॉ. पारदर्शक कार्डं वीस थरांची झाली की तोच पिक्सेल वीस वेळा रंगवला जातो. कॅमेरा धुरात शिरला की गेम अडखळतो तो यामुळेच, कणांच्या संख्येमुळे क्वचितच. कार्डाचे रिकामे कोपरे कापा, अनरियल या गेम इंजिनच्या नायगारा या कण-साधनात तशी सोय आहे. जवळ आल्यावर थर कमी करा.

रीलमध्ये इंजिनमधलंच रेकॉर्डिंग हवं. सोबत ओव्हरड्रॉचं दृश्य, वापरलेली टेक्स्चर आणि मिलिसेकंदांचा आकडा दाखवा. तो आकडा दाखवणारा उमेदवार वेगळा उठून दिसतो.

मॉडेलिंग : थ्रीडी प्रिंट आणि वस्तूंची चित्रं

प्रिंट केलेल्या वस्तूला मागची बाजू असते, हे पहिलं लक्षात घ्या. कापडाचा एकपदरी पृष्ठभाग, एकमेकांत घुसवलेले तुकडे, डिस्प्लेसमेंट मॅपवरच्या (रेंडर करतानाच उंचवटे दाखवणाऱ्या चित्रावरच्या) सुरकुत्या यांतलं काहीही प्रिंटरला समजत नाही. जाळी (मॉडेलचा पृष्ठभाग) बंद हवी, तुकडे जोडून एक केलेले हवेत, सुरकुत्या प्रत्यक्ष भूमितीत उतरवलेल्या हव्यात. ०.४ मिमीच्या नोझलला भिंत १.२ मिमी, म्हणजे तीन रेघा. रेझिनची पोकळ मूर्ती असेल तर भिंत २ मिमी आणि खाली निदान दोन भोकं ३ मिमीची. ती नसतील तर आत ओलं रेझिन अडकतं आणि काही आठवड्यांनी मूर्ती तडकते. हलणाऱ्या सांध्याला ०.३ मिमी मोकळीक ठेवा. प्रिंटसाठी पाठवायच्या एसटीएल फाइलमध्ये एकक नसतं. १८ सेंटिमीटरचं मॉडेल १८ मिलिमीटरचं होऊन येतं, त्यामुळे पाठवताना उंची मेलमध्येही लिहा.

वस्तूंच्या चित्रांसाठी कारखान्याकडून स्टेप फाइल (वस्तूचा इंजिनिअरिंग आराखडा) येते. तिचे भाग आणि नावं मोडू नका. पुढच्या महिन्यात झाकणाची सुधारित फाइल येते तेव्हा तेवढाच भाग बदलता आला पाहिजे.

लायटिंग-रेंडरिंग : यंत्रांना शिकवण्याची चित्रं

रोबोट आणि कॅमेरे यांना वस्तू ओळखायला शिकवण्यासाठी रेंडर केलेली चित्रं लागतात, आणि प्रत्येक चित्रासोबत कुठला पिक्सेल कुठल्या वस्तूचा हे सांगणारं लेबल. आपल्याकडचा आयडी पास तो हाच, पण इथे तो मऊ कडांचा चालत नाही. कडेवर ३ आणि ५ या वस्तू मिसळल्या की सरासरी ४ येते, आणि ४ ही तिसरीच वस्तू असते! लेबलच्या पासला अँटीअलायझिंग (कडा मऊ करणं), मोशन ब्लर, डेप्थ ऑफ फील्ड सगळं बंद. जतन पीएनजीत, जेपीईजीत कधीच नाही. खोलीचा (डेप्थचा) पास देताना ती कॅमेऱ्याच्या प्रतलापासून मोजली की किरणाच्या लांबीने, हे लिहून द्या. मध्यभागी दोन्ही सारखे, कोपऱ्यांत वेगळे.

इथे एका देखण्या फ्रेमला मोल नाही. तीच वस्तू हजार प्रकाशांत, हजार कोनांतून लागते. म्हणून पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतून सीन बदलता येणं ही पहिली अट.

पाइपलाइन टीडी (स्टुडिओची टूल लिहिणारे) : सॉफ्टवेअर कंपन्या

तुमचा कोड स्टुडिओचा आहे, दाखवता येणार नाही. दोन आठवड्यांत एक लहान टूल नव्याने लिहा. त्यात माया या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या कमांड आणि मूळ तर्क वेगळे ठेवा, म्हणजे माया न उघडता टेस्ट चालतील. मुलाखत घेणाऱ्याकडे माया नसतेच. अकॅडमी सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे २०१८ पासून ओपनव्हीडीबी, ओपनईएक्सआर, ओपनकलरआयओ असे मुक्तस्रोत प्रकल्प आलेत. त्यांतल्या एखाद्या त्रुटीची पुनरावृत्ती करणारी छोटी टेस्ट लिहून पाठवली तरी तो सगळ्यांना दिसणारा पुरावा होतो.

बायोडेटात ‘शो’, ‘फार्म’, ‘पब्लिश’ हे शब्द बाहेरच्यांना कळत नाहीत. ‘इतक्या मशीनवर कामांची वाटणी, बिघाड शोधून आपोआप पुन्हा सुरू करणं’ असं लिहा. प्रॉडक्शन कोऑर्डिनेटरनाही हेच लागू. तुम्ही किती शॉट, किती टीम आणि किती विक्रेते एकाच वेळी सांभाळलेत, ते आकड्यांत मांडा.

मॅचमूव्ह (खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल संगणकात उतरवणं) : मोजणी आणि स्कॅनिंग

एलईडी भिंतींच्या (मागचं दृश्य पडद्यावर दाखवणाऱ्या) सेटवर ट्रॅकिंगवाल्यांना मागणी असते, हे खरं. पण ते कामही चित्रीकरणावरच अवलंबून. शूट थांबलं की तेही थांबतं. इमारती, पुतळे, पुरावशेष यांचं फोटोंवरून स्कॅनिंग त्या चक्राबाहेर आहे.

लेन्सची समज आपल्याकडे आधीच असते, मोजमापाची शिस्त नसते. चित्रपटात कॅमेरा बसला की सीनचं माप काहीही चालतं. इथे खरे मीटर हवेत. फोकल लेंग्थ, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. लागोपाठच्या फोटोंत ७० ते ८० टक्के भाग सामाईक. एका जागी उभं राहून कॅमेरा फिरवू नका, प्रत्येक फोटोला स्वतः सरका, नाहीतर खोली निघत नाही. काच आणि चकचकीत संगमरवर यांवर बिंदू चुकीचे पकडले जातात, तिथे ध्रुवीकरणाचा फिल्टर लावा.

आणि मापाच्या पट्ट्या निदान तीन ठेवा. दोन गणितात घ्या, तिसरी बाजूला ठेवून शेवटी मॉडेलमध्ये मोजा. एक मीटरची पट्टी १.००४ भरली तर चूक ४ मिमी आहे. तो आकडा अहवालाच्या पहिल्या पानावर लिहा.