अण्णांची अँटीऑक्सिडंटची डबी: आयुष्य वाढतं म्हणे!

तळ्याकाठचा
आमचे अण्णा सत्तरीचे, विडी काही सुटत नाही. सोलापूरच्या सिद्धेश्वर तळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या कुणीतरी त्यांच्या गळ्यात एक डबी मारली. महिन्याला अठराशे रुपये! 'म्हातारपण लांबतं' म्हणे. डबी फिरवून बारीक अक्षरं वाचली, तर बीटा-कॅरोटीन (गाजरात असतं ते अँटीऑक्सिडंट) 20 मिलिग्रॅम. फिनलंडमध्ये 29,133 सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत हाच डोस होता. 1994 साली निकाल आला: हे घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त. विडीवाल्याला असली गोळी विकणं मला तरी गुन्हाच वाटतो.

नवी पेठ काकू
आला मोठा शहाणा! माझी बहीण दोन वर्षं घेतेय, थकवा कुठल्या कुठे गेला. पेशींना गंज चढतो, गोळी तो काढते. भाकरीचा तवा ओला ठेवून बघ एक रात्र.

तळ्याकाठचा
ओ काकू, ही गंजाची कल्पना डेन्हम हारमनने 1956 मध्ये मांडली, ऐकायला पटतेच. पण हा गंज चढवणारे जे फ्री रॅडिकल्स, म्हणजे शरीरात तयार होणारे चटकन रिअ‍ॅक्शन करणारे कण, त्यांच्याच मदतीने पांढऱ्या पेशी जंतू मारतात. तव्यावरच्या गंजाला असलं काही काम नसतं. 2009 च्या एका प्रयोगात नुसता व्यायाम करणाऱ्यांचं शरीर इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देऊ लागलं. सोबत सी आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांचं नाही. म्हणजे तळ्याच्या फेऱ्याही वाया.

चादरवाला
थांब बे. माझ्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरांनीच असल्या गोळ्या लिहून दिल्यात. तेपण चोर का?

तळ्याकाठचा
नाही रे. डोळ्याच्या पडद्याची वयानुसार होणारी झीज मध्यम टप्प्यात असेल तर त्या गोळ्यांनी ती बळावण्याचा धोका सुमारे 25 टक्के कमी होतो, 2001 ची चाचणी आहे. तो डोळ्यांचा इलाज झाला, आयुष्याचा नाही. त्यातलंही बीटा-कॅरोटीन पुढे काढून ल्युटीन (पालेभाज्यांतलं तसलंच द्रव्य) घातलं, धूम्रपानवाल्यांच्या धोक्यामुळेच.

केगावकर
अठराशेची डाळिंबं घ्या की. संशोधन केंद्र आपल्या केगावात, भगवा वाण आपल्या मातीतला.

नवी पेठ काकू
आणि डाळिंबानं आयुष्य वाढतं हे कुठे सिद्ध झालंय? गोळीला पुरावा मागता, मग फळाला का नाही?

केगावकर
नसेल झालं. मी चवीसाठी खातो.

तळ्याकाठचा
काकूंचा हा मुद्दा मान्य. तर ताजी खबर: अण्णांना सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, "पैसे दिलेत, डबी संपवणार." आणि विडी पेटवली.