अनुभव धागा: घरपट्टी थकली तेव्हा

मीनल, नौपाडा
काल माळा आवरताना बाबांची पत्र्याची पेटी निघाली. आत घरपट्टीच्या पावत्या, सालवार, दोऱ्यात ओवलेल्या. शेवटची २०१३ ची. त्याच वर्षी बाबा गेले. पुढे बिलं त्यांच्याच नावाने येत राहिली आणि आई ती देवघराच्या खणात ठेवत राहिली. 'ह्यांचं नाव आहे, टाकायचं कसं?' २०१९ ला दारावर जप्तीची नोटीस चिकटली. शेजाऱ्यांनी वाचू नये म्हणून आई ओल्या फडक्याने ती खरवडत होती, ते अजून आठवतं. तुमचेही अनुभव लिहा.

शिरीष
थकलेल्या घरपट्टीवर महिना २ टक्के शास्ती, म्हणजे उशिराचा दंड, ऐकायला कमी वाटते. १०,००० थकले तर महिन्याला २००, वर्षाला २,४००. पाच वर्षांत शास्तीच १२,०००, मुद्दलाच्या वर! आम्ही अभय योजना लागली तेव्हा भरले. शास्तीत सूट मिळाली, मुद्दल पूर्ण द्यावं लागलं.

सुषमा, कळवा
मीनल, वाचून गलबलले गं. आईंना नमस्कार सांग. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

खारघरकर
आमच्याकडे पनवेल महापालिकेची ऑक्टोबर २०१६ पासूनची मागची बिलं २०२१ मध्ये एकदम आली. तोवर सोसायटी वसाहत वसवणाऱ्या सिडकोला सेवाशुल्क भरतच होती. एकाच काळाचे दोनदा का भरायचे? पेन्शनवाल्यांनी एवढी रक्कम आणायची कुठून?

भूषण, ऐरोली
आमचं गावठाणातलं घर. भावाचं लग्न ठरलं म्हणून परवानगीशिवाय वर मजला चढवला. त्यावर घरपट्टीच्या दुप्पट शास्ती, दरवर्षी. वडील निमूट भरत गेले, पैसे घेतात म्हणजे बांधकाम कायम झालं असं समजून. तसं नसतं हो! शास्ती भरली तरी बांधकाम अनधिकृतच राहतं. विकायला काढलं तेव्हा कळलं, गिऱ्हाइकाला बँक कर्जच देईना. वडील त्या दिवशी जेवले नाहीत.

रेश्मा
घरपट्टीच्या बिलावरचं सासऱ्यांचं नाव बदलायचंय, ते आता नाहीत. काय लागतं?

शिरीष
मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं, आधी थकबाकी भरल्याची पावती. आणि बिलावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध होत नाही, ते वेगळं काम. दोन्ही करा.

रेश्मा
धन्यवाद दादा. नणंदबाई सही देतील तर.

सुषमा, कळवा
आले. आमचं पाणीपट्टीचं झालं होतं, नळ तोडला ऐन मे महिन्यात. शेजारच्या भाभींनी आठ दिवस पाणी दिलं, बादली मोजली नाही.

मीनल, नौपाडा
सुषमाताई, आई शेजारी बसून वाचतेय. विचारते, तुम्ही खारेगावात का? तिची मावशी तिथेच होती.