‘व्हाय’ (स्पेलिंग व्ही-आय-ई) या इंग्रजी क्रियापदाला मराठीत काय म्हणावं?

सूरसागरकाठ (वडोदरा):
आपल्याकडच्या गणेश मंडळांच्या सजावट-स्पर्धेवरचा इंग्रजी मजकूर मराठीत आणते आहे. ‘मंडल्स आर व्हाइंग विथ ईच अदर फॉर द फर्स्ट प्राइझ’ या वाक्यावर अडलं. कोशात झगडणे, बरोबरी करणे, स्पर्धा करणे असं सगळंच दिलंय. शिवाय हा शब्द ‘एन्व्ही’वरून आलाय का? मग त्यात मत्सर धरायचा का?

शब्दवेडा:
मत्सर अजिबात धरू नका. एन्व्ही आला लॅटिन ‘इन्व्हिडिया’वरून, म्हणजे वाकड्या नजरेने बघणं. व्हायचं मूळ ‘इन्व्हितारे’, म्हणजे बोलावणं. इन्व्हाइट त्याचाच भाऊबंद. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘आंव्हिए’ झालं: आव्हान देणं, आणि जुगारात डाव चढवणं. इंग्रजीत येताना पुढचं अक्षर गळलं. 16व्या शतकात हा पत्त्यांच्या डावातलाच शब्द होता. समोरच्याने दोन नाणी लावली की आपण चार लावायची, तो व्हाय. स्पॅनिश पत्तेबाज आजही पैज वाढवायला ‘एन्व्हिदार’ म्हणतात आणि मत्सराला ‘एन्व्हिदिया’. दोन्ही शब्द शेजारी नांदतात, पण वेगळे.

पोळीतला मास्तर:
रूपं सांभाळा: व्हाय, व्हाइज, व्हाइड. ‘इंग’ लावताना मात्र शेवटच्या आय-ईचा वाय होतो, डाय आणि लायसारखाच. स्पेलिंगची चूक बहुतेक तिथेच होते. दुसरं म्हणजे हे अकर्मक आहे. ज्याच्याशी चुरस त्याला ‘विथ’, ज्यासाठी चुरस त्याला ‘फॉर’. ‘ही व्हाइड हिम’ आज चालत नाही.
आणि समोर प्रतिस्पर्धी हवाच. विश्वामित्रीच्या पुराशी शहर ‘कन्टेन्ड’ करतं, व्हाय करत नाही, कारण नदीला काही जिंकायचं नसतं. कन्टेन्डचं मूळ ताणणं, म्हणून तिथे ‘झुंजणे’ शोभतं.

शब्दवेडा:
पुराचं उदाहरण चपखल. म्हणूनच कोशातलं ‘झगडणे’ इथे नको. मंडळांत हाणामारी झाल्यासारखं वाटेल. ‘स्पर्धा करणे’ चुकीचं नाही, पण या वाक्यात स्पर्धा आधीच चालू आहे, परत तेच सांगितल्यासारखं होतं. एकाने दहा फुटांची आरास केली की शेजारच्याने बारा फुटांची करायची, हे ‘चढाओढ’ बरोबर पकडतो. मुळातलं डाव चढवणंही त्यात आपोआप येतं. ‘अहमहमिका’ म्हणजे मी आधी, मी आधी. रांगेत घुसणाऱ्यांना तो चांगला, इथे थोडा भारी होईल.

सूरसागरकाठ:
आणि ‘हरीफाई’? इथे सगळेच बोलतात.

पोळीतला मास्तर:
बोलताना खुशाल. पण तो गुजरातीतून आपल्या तोंडी बसलाय. पुण्या-नागपूरचा वाचक अडखळेल. क्रियापद ‘करणे’ घेऊ नका, ‘लागणे’ घ्या: ‘पहिल्या बक्षिसासाठी मंडळांमध्ये चढाओढ लागली आहे.’ ‘एकमेकांशी’ गाळा, ते चढाओढीतच आलं.